टायपिस्टची खात्री

नव्वदच्या दशकात नाशिकला कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली एक टायपिस्ट बसत असे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. शंकेचा शब्द आला की तो दोन्ही हात मांडीवर ठेवी, चष्मा पुसे आणि खात्री झाल्यावरच कळ दाबी.

एकदा मी एक कागद टाइप करून घ्यायला गेलो, तेव्हा इगतपुरीकडची एक विधवा बाई त्याच्यासमोर बसली होती. तिचा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत असताना वारला होता. त्याच्या जागी मुलीला घ्यावे, असा तिचा इंग्रजी अर्ज होता. आधीचा अर्ज चुका दाखवून परत आला होता, आणि आज मुदतीचा शेवटचा दिवस होता.

टायपिस्टने मला विचारले, “सर, तुम्ही इंग्रजी शिकवता ना? मुलगी वडिलांची ‘डिपेंडंट’. त्यात शेवटच्या ‘डंट’मध्ये ए की ई?”

“ई,” मी तत्काळ म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि पिशवीतून शब्दकोश काढला.

“अहो भाऊ, मास्तर सांगत्यात ना! मारा की. सायेब उठून जाईल.”

“ताई, सरांची चूक झाली तर पोराचा एक मार्क जातो. माझी झाली तर तुमचा अर्ज जातो.”

मी दुखावलो. वर्गात माझा शब्द असा कोणी पडताळून पाहिला नव्हता. त्याने उघडे पान माझ्याकडे सरकवले. या अर्थाच्या नामात तिथे ए छापलेला होता. तो हसला नाही. ए टाइप करून पुढच्या ओळीला लागला.

मी माझा कागद खिशात ठेवला, शेजारच्या स्टुलावर बसलो आणि शब्दकोश मांडीवर घेतला.

“पुढचा शब्द विचारा,” मी म्हणालो, “बघून सांगतो.”