भेंडीच्या पाण्याची तार

सांगलीला एम.एस्सी.ला असताना सरांकडे संशोधनाची एकच जागा होती आणि तिच्यावर डोळा ठेवून आम्ही दोघं होतो. मी कुंडलचा, गुऱ्हाळवाल्या घरातला; ती सांगलीतल्याच गावभागातली, वकिलाची मुलगी. नव्वदीची सुरुवात होती. सरांनी दोघांना एकाच पॉलिमरच्या दोन पुड्या दिल्या. तिच्या पुडीतले रेणू लांबलचक साखळ्यांचे, माझ्यातले आखूड. ते पाण्यात विरघळवायचं आणि बारीक काचनळीतून किती वेळात उतरतं ते बघायचं.

तिचं द्रावण काकवीसारखं सावकाश उतरायचं, माझं पाण्यासारखं पळायचं. सर तिच्याच नळीपाशी उभे राहायचे. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही. चांगली पुडी तिलाच का, हा प्रश्न मला जेवतानाही सुटत नसे.

मग तिचं द्रावण दिवसेंदिवस पातळ व्हायला लागलं. गुठळ्या राहू नयेत म्हणून आम्ही दोघंही रोज आपापलं द्रावण सरांच्या घरून आलेल्या जुन्या मिक्सरमध्ये फिरवायचो. माझं होतं तसंच राहिलं. ती रडवेली झाली आणि मला दोन घास जास्त जाऊ लागले.

सरांसमोर मी संधी साधली. "सर, हिनं घुसळून वाटोळं केलंय. आमच्या गुऱ्हाळावर रसातली मळी वर काढायला भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळत्यात. हातानं, हळू. ते पाणी घुसळलं की त्याची चिकट तार मरती."

सरांनी माझी नळी उचलून बघितली. "घुसळलंस तर तूही तेवढंच. मग तुझं का नाही पातळ झालं?"

मी तोंड उघडेपर्यंत ती बोलली. "माझ्या साखळ्या लांब आहेत, सर. मिक्सरच्या ओढाताणीत लांब साखळी दोन्हीकडून ताणली जाते आणि मधेच तुटते. आखूड साखळी नुसती पाण्याबरोबर फिरते."

तार माझ्या घरची, आणि जागा तिला मिळाली.

हिवाळ्यात सरांनी तिला भेंडीचं पाणी बघायला आमच्याच गुऱ्हाळावर पाठवलं, सोबतीला मला. ती रस उकळायच्या काहिलीपाशी उकिडवी बसून आईला एकेक विचारत होती. माझ्या कॉलेजाबद्दल कधी अवाक्षर न काढणारी आई तिला हौसेनं सांगत होती. पहिला गरम गूळ घ्यायचा मान लहानपणापासून माझा. मी हात पुढं केला.

"थांब रं," आई म्हणाली, "आदी तिला."