जिनिंगचं नाट्यगृह झालं, आणि आज तिथे गाणं अडलं

मंडळी, आज दुपारी अमळनेरच्या आपल्या कलाकेंद्रात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

हे केंद्र म्हणजे बाजारातली जुनी जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथे कापूस निवडणाऱ्या बाया ढिगाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायच्या. इकडून गाण्याची ओळ गेली की तिकडच्या ती उचलून पुढची म्हणायच्या. नव्वदच्या सुमारास जिनिंग बंद पडली आणि गावाने मोठ्या हौसेने तिचं नाट्यगृह केलं. स्टेज, मखमली पडदा, जमिनीत ठोकलेल्या खुर्च्या. कोणाचा हेतू वाईट नव्हता हो!

आज त्याच बायांपैकी चार अक्कांना गायला बोलावलं होतं. आयोजकांनी त्यांना माइकपुढे एका रांगेत उभं केलं, तोंडं आमच्याकडे. दोनच ओळी झाल्या आणि गाणं अडलं.

थोरल्या अक्कांनी हात जोडले. "माफ करा भाऊ. समोर कोनीच नही शे, ओळ कोन उचली?"

समोर आम्ही होतो. सभागृह गच्च भरलेलं होतं आणि एकालाही पुढची ओळ येत नव्हती.

मग आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय होतं आमच्याकडे?