देवी धाकटीच्याच अंगात यायची

लोक देवाकडे काय काय मागतात. मी मात्र देवीला एकच विचारायचे, की बाई, माझ्या धाकट्या जावेत असं काय आहे जे माझ्यात नाही? वाकडच्या आमच्या घरात मंगळवारची आरती सुरू झाली की सोनाच्या अंगात यायचं. केस सुटायचे, आवाज बदलायचा, आणि एरवी माझ्याशी धड न बोलणाऱ्या सासूबाई तिच्या पायावर डोकं ठेवायच्या. उपास मी करायचे, देवघर मी सारवायचे, आणि मान तिला. एकदा मीही केस मोकळे सोडून घुमायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "थोरले, थंडी वाजती का गं?" सगळं घर हसलं. मी उठून चुलीपाशी गेले.

सोनाचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, पिंपरीला नुकत्याच निघालेल्या औषधाच्या कारखान्यात सायकलीनं जायचे. ते म्हणायचे, "वहिनी, देवी-बिवी काही नसतं, मनाचा खेळ सगळा." मला ते ऐकून बरं वाटायचं. देवीच नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे येत नाही याचं दुःख तरी कशाला? पण दिवा लावताना हात जोडलेच जायचे, आणि माझा हेवाही तिथंच हात जोडून उभा असायचा.

अशात माझी कुसुम, नुकती पावलं टाकू लागलेली पोर, तापानं फणफणली. छातीत घरघर. दीर म्हणाले, चिंचवडच्या डॉक्टरांकडे न्या, आम्ही बुरशीपासून करतो त्या औषधाच्या सुया देतील. सासूबाई दारातच बसल्या. "बुरसलेली भाकर आपण गुरांनाबी घालत न्हाई. ती माझ्या नातीला टोचायची? आधी देवीला इचारू." त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नसे, आमचे मालकही मान खाली घालून उभे. माझ्या लेकीचा जीव आता सोनाच्या तोंडून येणाऱ्या शब्दावर होता.

धूप घातला. सोना बसली. मी कुसुमला मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होते, आणि माणसाचं मन कसं बघा, तेव्हाही आत जळतच होतं, की विचारायचं ते हिलाच का? बराच वेळ काही होईना. पोरीचा श्वास अडकायला लागला, तेव्हा मी हात टेकले. मनात म्हटलं, आई, माझ्याकडे कधीच येऊ नकोस. तिच्याकडेच ये, पण आत्ता ये.

सोना घुमायला लागली. "बुरशी कुणाची गं म्हातारे? ती बी माझीच. गाडी जुंपा."

सासूबाईंनी स्वतः गाडीत गोधडी अंथरली. सुया दिल्या, हळूहळू ताप उतरला, पोर जगली.

दीर पुढे म्हणाले, घरातलं बोलणं तिनं ऐकलं होतं, तेच मनातून वर आलं. असेलही. पण मन म्हणजे तरी काय आणि त्यात कोण बसतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मी सोनालाच विचारलं. ती कुसुमच्या डोक्याला तेल लावत होती. तिची स्वतःची कूस उजवली नव्हती. म्हणाली, "अक्का, मला कायबी आठवत न्हाई. पर तुमचा लई हेवा वाटतो बघा. माझ्याकडं देवी येती आन् जाती. तुमच्याकडं ऱ्हाती."

मी तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. पुढच्या मंगळवारी देवी पुन्हा तिच्याच अंगात आली. मी कुसुमला घेऊन भिंतीला टेकून बसले होते. म्हटलं, येऊ दे की, आपल्याच घरात तर आली.