झरोक्यातलं लुगडं

मी कागद वाचणारा माणूस आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही, म्हणून घरचे मला चिडवतात. तळोद्याच्या एका कचेरीत कारकुनी करता करता ही खोड लागली. खरं सांगायचं तर मला तिचा गर्वच होता.

त्या हिवाळ्यात धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात आई, मी, बहीण आणि सतरा दिवसांचं बाळ. डोंगराकडून येणारा वारा फटीफटीतून आत शिरायचा. बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं मागे लागतं, ही आईची पक्की समजूत. तिनं न्हाणीच्या दाराखाली गोणपाट लावला आणि मला म्हणाली, "तो झरोकाबी बुजी टाक रे भाऊ. तठीन वारा येस." मी मागच्या गल्लीत स्टूल ठेवलं आणि तिचं एक जुनं लुगडं बाहेरून झरोक्यात कोंबलं. चांगलं घट्ट, चेपून चेपून. काम कसं करावं ते माझ्याकडून शिकावं, असंही वर म्हणालो.

न्हाणीत गॅसचा गीझर होता, त्याचा सिलिंडर बाहेर गल्लीत. गीझर आता म्हातारा झाला होता. चार वेळा टकटक केल्यावर भप्पकन पेटायचा. निळी ज्योत पिवळी झाली होती आणि डब्यावर काजळी धरायला लागली होती. अलीकडे अंघोळ करून आली की बहिणीला भोवळ यायची, डोकं ठणकायचं. तिला न्हाऊ घालणाऱ्या आईलाही मळमळायचं, पण ते ती वयावर ढकलायची. बहिणीचं मात्र तिनं दृष्टीवर घातलं. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर ठसकाच लागला नाही. "देख, कितली जबर नजर शे!" आई म्हणाली. मला हसू आलं. माझ्या मते तो बाळंतपणाचा अशक्तपणा होता. आम्ही मायलेक दोघंही सारखेच शहाणे.

रविवारी मी नवा गीझर आणायला निघालो. आई तेलाची वाटी कोमट करत होती. बहिणीची अंघोळ अकराला, ऊन वर आल्यावर असायची. "आजना दिन जुनावरच भागी जाई," ती म्हणाली.

दुकानदार चाचा वडिलांच्या वेळेपासूनचे ओळखीचे. त्यांनी दोन खोकी समोर ठेवली. "हाऊ गॅसना, हाऊ लाइटना. बोल, कोनता देऊ?"

मी आधी विजेच्या गीझरचं कार्ड मागितलं. टाकीला सात वर्षांची वॉरंटी, असं वर ठळक छापलेलं. खाली बारीक अक्षरात, क्षारांमुळे टाकी बिघडल्यास कंपनी जबाबदार नाही. आमच्या बोअरचं पाणी असं की आठवड्यात बादलीला पांढरा थर चढतो. म्हणजे ती सात वर्षं कागदावरच.

"चाचा, हाई वॉरंटी शे का चेष्टा?" मी चोर पकडल्यासारखं विचारलं.

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. चाचांनी वैतागून गॅसच्या गीझरचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "ले, हाईबी वाची टाक."

त्यातही एक अट होती. हवा खेळती नसलेल्या बंद न्हाणीघरात गीझर वापरल्यास वॉरंटी रद्द.

"हवाना आनि वॉरंटीना काय संबंध?"

"वॉरंटीना नही, मानूसना संबंध शे," चाचा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. "ज्योतले हवा लागस. झरोका बंद ऱ्हायना त इखारी वायू व्हस. वास नही, धूर नही. पहिले डोकं दुखस, चक्कर येस. मंग मानूस बठल्या जागे पडस."

समोरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिचा फोन ओट्यावर असणार आणि ती न्हाणीत, हे मला माहीत होतं. तरी मी तिसऱ्यांदा लावला, आणि मग कार्ड तसंच टाकून मोटरसायकलकडे धावलो.

चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा लागला होता. मागच्या ट्रॉलीतून दोघं जण ऊस उपसत होते, ट्रॅक्टरवाला त्यांच्याशी हसून बोलत होता. मी त्याला आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या.

अंगणातूनच बाळाचा टाहो ऐकू आला. झोळीत एकटं, रडून लालबुंद. ते रडलं आणि आईनं उचललं नाही, असं जन्मापासून एकदाही झालं नव्हतं.

मी गल्लीत जाऊन आधी रेग्युलेटर बंद केला. मग सिलिंडरवर चढून लुगडं ओढलं. ते निघेना. माझंच काम ते. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुठे फाटत फाटत बाहेर आलं. आतून बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, माणसाचा नाही. पळत आत येऊन दारावर लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला कडी उखडली.

बहीण भिंतीला टेकलेली, मान एका बाजूला कललेली. आई पाटावर. तिचा तेलाचा हात अजून लेकीच्या पाठीवर होता. तिनं अर्धवट डोळे उघडले आणि जड जिभेनं म्हणाली, "दार लाव रे... वारा लागी तिले."

दोघींना गोधडीत गुंडाळून मी एकेकीला अंगणात ओढत आणलं. बहिणीनं लांब श्वास घेतला, मग ओकली. ती ओकली याचा मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसून रडलो. शेजारी धावून आले. दवाखान्यात दोघींना संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, न्हाणीला खिडकी नाही का? आई म्हणाली, "शे ना."

दोन दिवसांनी विजेचा गीझर आणला. कार्ड न वाचता. आईनं त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि कार्ड फायलीत ठेवायला माझ्याकडे दिलं. फायलीत जुन्या गीझरचंही कार्ड होतं. त्यातही तीच बंद न्हाणीघराची अट होती. तिच्याखाली पेन्सिलीची रेघ, शेजारी 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं. अक्षर माझं. गीझर घेतला त्याच दिवशी मी ती ओळ वाचली होती, आणि कंपनीची पळवाट सापडली म्हणून खूश झालो होतो.

मला ते लपवता आलं नाही. कार्ड आईपुढे धरलं, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. ती पायांवर बाळ घेऊन बसली होती.

"तिले सांगू नको," ती म्हणाली. "मंग ती परत माहेरले कशी येई?"

मी अजून सांगितलेलं नाही. बहीण दर दिवाळीला येते. ती न्हायला गेली की मी ओसरीत पेपर घेऊन बसतो, आणि दाराची कडी वाजेपर्यंत एकच ओळ वाचत राहतो.