पूर्वज्ञानाचा रकाना

"गट क्रमांक चार. काम, कचरा उचलणे व वाहून नेणे. गटप्रमुख प्रणाली. पूर्वज्ञान, घरचा व्यवसाय."

परिपाठ संपल्यावर मुख्याध्यापकांनी हे सगळ्या शाळेसमोर माइकवरून वाचलं. पुढे आणखी तीन नावं वाचली. मी सातवीच्या रांगेशेजारी उभी होते. चारही मुलं वस्तीतली. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती असते, ती. मी त्या गावची नाही, पण मीही अशाच वस्तीतली, आणि माझी जात त्या गावाला माझ्या नावाआधी कळली होती.

सरांनी कागदाची घडी केली. माझ्याकडे बघून हसले. "ही सगळी मेहनत आपल्या मॅडमची. टाळ्या वाजवा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या गटानेही वाजवल्या. मला तिथेच थुंकावंसं वाटलं.

आता नीट सांगते. मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या एका गावात, खासगी संस्थेच्या शाळेत मी शिक्षणसेवक आहे. तिसरं वर्ष संपत आलंय. संस्थेने प्रस्ताव पाठवला की कायम, नाही पाठवला तर घरी. गाव बागायती. कोबी, वांगी, मेथी रोज सकाळी गाडीत भरून मंगरूळपीरला जाते. गुरुवारी गावातच बाजार भरतो, तोही शाळेच्या भिंतीला लागून. बाजार उठला की न विकलेला माल तिथेच टाकून लोक घरी जातात. शुक्रवारी आम्ही नाकाला पदर लावून शिकवतो. हे इतकी वर्षं चाललंय की कोणाला त्यात प्रश्न दिसतच नव्हता.

वाशिमला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता आंतरविद्याशाखीय प्रकल्प. हा शब्द उच्चारताना प्रशिक्षकांनाच मध्ये पाणी प्यावं लागत होतं. जेवणानंतर निम्मं सभागृह डुलक्या घेत होतं. मी जागी होते. गावातला खरा प्रश्न घ्या, सगळे विषय त्याच्याभोवती आणा, मुलांना हाताने करू द्या, असं ते सांगत होते. मला भिंतीपलीकडचा कोबी दिसत होता.

मी आराखडा केला. नाव ठेवलं 'भिंतीपलीकडचा वास'. कचरा उचलून आणायचा, तो काट्यावर मोजायचा म्हणजे गणित. का सडतो, खड्ड्यात त्याचं खत कसं होतं, हे विज्ञान. पाणी कोणत्या नाल्यात जातं त्याचा नकाशा, म्हणजे भूगोल. बाजारातल्या माणसांच्या मुलाखती आणि ग्रामपंचायतीला पत्र, म्हणजे मराठी आणि नागरिकशास्त्र. पाच कामं, पाच गट. आणि एक शिट्टी. शिट्टी वाजली की गट बदलायचे. काट्यावरचे मुलाखतीकडे, टोपलं उचलणारे माइकवर माहिती सांगायला. प्रत्येक मुलाने प्रत्येक काम करायचं. माझ्या आराखड्याचा सगळा जीव त्या शिट्टीत होता. महिनाभर मी मुलांकडून तिचा सराव करून घेतला.

आणि एक चूक केली. शिकवायला सुरुवात करण्याआधी मुलाला काय येतं ते लिहायचं, त्याला आम्ही मास्तर लोक पूर्वज्ञान म्हणतो. पाठाच्या टाचणात त्याचा रकानाच असतो. घरात मुलं जे शिकतात त्याची कदर करायची म्हणून मी मुलांना विचारलं, घरी कोण काय काम करतं? त्यातलं तुला काय येतं? संस्थेच्या अध्यक्षांची नात श्रेया सातवीतच आहे. तिने लिहिलं, आमच्या वावरात कोबी आहे, मला काही येत नाही. प्रणालीने लिहिलं, माझी आई ग्रामपंचायतीत झाडते. मला ओला कचरा आणि सुका कचरा लांबूनच ओळखू येतो. टोपलं उचललं की वजन सांगता येतं. मी लाल पेनाने 'छान' लिहिलं. आणि ते सगळे कागद आराखड्यासोबत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

धोंडा मीच उचलून दिला. पडला तो पोरांच्या पायावर.

शुक्रवारी जिल्ह्याहून साहेब प्रकल्प बघायला येणार होते. सरांनी त्या कागदांवरून स्वतःच्या सुंदर अक्षरात नवा तक्ता केला. बागायतदारांची मुलं विज्ञान आणि नकाशाला. श्रेया माइकवर. वस्तीतली चार मुलं टोपल्याला. शिट्टीवर काट मारलेली.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, गट फिरते होते."

"मॅडम, साहेब लोक येऊन राह्यले. तिथं गोंधळ नाही पाह्यजे. ज्याले जे येते ते त्यानं करावं. आन् हे तुमीच तं लिहून आनलं."

"मी यासाठी नव्हतं आणलं."

"मंग पूर्वज्ञान म्हंजे काय असते? बी.एड. तुमी केलं ना?" त्यांनी ड्रॉवर उघडून माझी फाइल दाखवली. "तुमचा प्रस्ताव माह्यापाशी हाय. सरळ चाललं हाय, काहून वाकडं करता?"

मी म्हणाले, "बरं, सर."

हे लिहायला हात रेटत नाही, पण लिहिते. मी "बरं, सर" म्हणाले.

चौथीत होते मी. कामरगावकडच्या एका खेड्यात. साहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्याच सकाळी वर्गातल्या कपाटामागे मेलेलं मांजर सापडलं. दोन-तीन दिवसांचं. गुरुजींनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "तू उचल वो. तुमाले सवय हाय." मला कसलीही सवय नव्हती. मी नऊ वर्षांची होते. वहीच्या पुठ्ठ्यावर घेतलं, तरी ते पुठ्ठ्यावरून घसरलं आणि मी हाताने धरलं. बोटांना जे लागलं ते मला अजून आठवतं. मागच्या नाल्यात टाकून आले तर गुरुजी दारातूनच म्हणाले, "शाब्बास! आता साहेब जायपरेंत भाईरच बस."

दिवसभर लिंबाखाली बसले. आणि खरं सांगते, मी खूश होते. गुरुजी मला पहिल्यांदा शाब्बास म्हणाले होते. घरी जाऊन आईला मी ते नाचत सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा उतरवला, मला न्हाणीच्या दगडावर नेलं आणि माझे हात साबणाने धुतले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेवटी एवढंच म्हणाली, "कोनी शाब्बास म्हनलं का पयले आपल्या हातात काय देलं ते पाह्य."

मला तेव्हा काही समजलं नाही. या बुधवारी सरांना "बरं" म्हणून मी बाहेर आले, आणि व्हरांड्यात प्रणाली धावत आली. दोन वेण्या, रिबन सुटलेली. "मॅडम, मी प्रमुख! सर मले शाब्बास म्हने!"

मी तिच्या हातांकडे बघितलं. रिकामे होते. शुक्रवारी त्यात टोपलं येणार होतं.

सरांची किळस आली, त्या वळणदार अक्षराची आली. सगळ्यात जास्त आली ती माझ्या "बरं, सर"ची. सडलेल्या कोबीचा वास तीनदा साबण लावला की जातो. हा जात नव्हता. दोन रात्री अन्नाचा घास गेला नाही.

शुक्रवार उजाडला. मांडव, सतरंज्या, पुढे सोफा. सोफ्यावर जिल्ह्याहून आलेले साहेब आणि मध्ये अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भिंतीपलीकडे कालच्या बाजाराचा ढीग पाणी सोडत होता. शाळेने हातमोजे आणले होते. ते विज्ञानाच्या गटाला दिले, कारण फोटो चांगला येतो. चौथा गट उघड्या हातांनी.

श्रेया माइकवर पाठ केलेलं बोलायला लागली. "आम्ही गावाचा कचरा उचलतो. आम्हाला कोणत्याही कामाची लाज वाटत नाही." तिच्यामागून प्रणाली टोपलं घेऊन खड्ड्याकडे चालली होती. टोपल्यातलं पाणी तिच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळत होतं. साहेबांनी टाळी वाजवली. सर म्हणाले, "शाब्बास, श्रेया."

मी पर्समधून शिट्टी काढली आणि जोरात वाजवली.

मुलांना विचार करायला वेळच मिळाला नाही. महिनाभराचा सराव होता, पाय आपोआप हलले. नकाशावाले काट्याकडे, काट्यावरचे मुलाखतीच्या टेबलाकडे. प्रणालीने टोपलं श्रेयासमोर ठेवलं आणि तिच्या हातातून माइक घेतला. श्रेयाने टोपल्याची कड दोन बोटांनी धरली. प्रणाली तिला म्हणाली आणि माइक चालूच होता, "अशी नको धरू वो, सांडन. बुडाले हात लाव."

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. श्रेयाने बुडाला हात लावला, तोंड वाकडं केलं, आणि निघाली खड्ड्याकडे. तिला शिकायला तेवढाच वेळ लागला.

भाऊसाहेब उठले. "ए मॅडम! माह्या नातीच्या हातात घान देता?"

"भाऊसाहेब, कोबी तुमच्याच वावरातला आहे."

माझा आवाज इतका साधा निघाला की मलाच नवल वाटलं. साहेब मोबाइल बघायला लागले. सर धावत आले, "शिट्टी द्या इकडं!" मी दिली नाही. मुठीत धरली आणि मूठ पाठीमागे नेली.

प्रणाली माइक धरून उभी होती. तिला कोणी काही पाठ करून दिलं नव्हतं. ती म्हणाली, "वल्ला कचरा येगळा ठेवा. काच त्याच्यात टाकू नका. माह्या मायचे हात कापतात." मग तिने सोफ्याकडे बघितलं, घाबरली, आणि माइक खाली ठेवला.

टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. कार्यक्रम तिथेच गुंडाळला.

शनिवारी मला नोटीस मिळाली. शिस्तभंग, लेखी खुलासा द्यावा. सर हळू आवाजात म्हणाले, "एक ओळ लिहून द्या. गटांची अदलाबदल चुकून झाली. भाऊसाहेबाले मी समजावतो, प्रस्ताव जाऊ देतो." कागदही त्यांनीच पुढे केला.

फाटकापाशी प्रणालीची आई थांबली होती. हातात खराटा. मला वाटलं, ही तरी दोन शब्द बरे बोलेल. ती म्हणाली, "मॅडम, पोरीनं माह्यं नाव माइकात काहून घेतलं? तुमची बदली होईन, तुमी जासान. मले उद्या तोच बाजार झाडा लागते." तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. ती चुकीचं बोलली नाही.

आज रविवार. सरांनी दिलेला कागद समोर आहे. त्यावर 'चुकून' हा शब्द मी लिहिणार नाही. त्यांच्या अक्षरातल्या तक्त्याची मूळ प्रत, गट बसवायला त्यांनीच दिलेली, माझ्याकडे आहे, ती खुलाशाला जोडली आहे. आणि वर, टाचणात आखतात तसा, एक रकाना आखला आहे.

पूर्वज्ञान: चौथीत असताना मेलेलं मांजर हाताने उचललं आहे. ते कोणाला उचलायला सांगतात, ते मला येतं. शाब्बास कशासाठी म्हणतात, तेही येतं. गटांची अदलाबदल मी जाणूनबुजून केली.

खाली सही केली. कायम करायचं तर करा, काढायचं तर काढा. पण काढण्याचं कारण याच कागदावर लिहावं लागेल.

सोमवारी सातवीवर तिसरा तास माझा आहे. शिट्टी पर्समध्ये आहे. गट बदलतील.