शेवंताचा मुलूख

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकतं, समजून घ्यावं.

सिरसाळ्याचा गिरणीवाला दळण होईपर्यंत भिंतीवर खडूनं मनातला देश काढतो. तिथं बकऱ्या राज्य करतात, नदी डोंगर चढते. एका मुलखाला नाव नव्हतं.

"ताई, तुमी ठेवा. कावून लाजता?" तो मला म्हणाला. दळणाला आलेल्या बाया हसल्या. मी पीठ उचलून घरी आले.

मग ऊसतोडीला गेलो. सहा महिने नाव मनात जपलं. ती जागा कुणी घेतली तर, हीच धास्ती. परतले तर भिंत भरलेली, तेवढा मुलूख कोरा.

"शेवंता," मी म्हणाले. "माझी आई."

पिठाचे हात पुसून त्यानं लिहिलं. "पानी हाय का तितं?"

"बारा म्हैने. ऊसतोडीला कुनी जात न्हाई."

त्यानं लगेच विहीर काढली.