साखळीत गेलेला पदर

२०२२ साल. माझं वय तेव्हा सदुसष्ट. गाडी जुनी होती, पण माझ्याशिवाय तिला कोणाचा हात लागलेला नव्हता.

शाळा माझी चौथीत सुटली. मिठागरावर पाणी खेचायचं इंजिन होतं. ते बंद पडलं की मालक पनवेलहून मिस्त्री बोलवायचा, आणि मिस्त्री येईपर्यंत मी ते चालू करून ठेवायचो. पुढे न्हावा शेव्याला गोदामात लागलो, तिथंही तसंच. मग मोटारसायकल दुसऱ्याच्या हातात द्यायचं कारण काय? गॅरेजवाला एक बोल्ट आवळतो आणि दोन सैल करून ठेवतो, म्हणजे तुम्ही पुन्हा त्याच्या दारात. हे माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

तर गाडीवर जे काही केलेलं होतं ते मीच केलेलं. साखळीवरचं पत्र्याचं कव्हर खडखडायचं, ते काढून माळ्यावर टाकलं. साखळी उघडी असली की डोळ्यासमोर राहते, तेल घालता येतं. बायकांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून बाजूला जाळी असते, साडी गार्ड म्हणतात तिला. तिचं वेल्डिंग सुटलं तेव्हा तीही काढली. बाजूच्या स्टँडची स्प्रिंग गेली होती, तो चालताना खाली लोंबायचा, म्हणून तारेनं वर बांधून टाकला. गाडी चालत होती. आणखी काय पाहिजे?

बायको मागे एका बाजूला पाय सोडून बसायची. पदर कमरेला खोचून वर हातानं दाबून धरायची. निघताना मी सांगायचो, "पदर घट्ट धर गो." ती म्हणायची, "जाली लावली तं धराया नको." आमचं हे इतक्या वेळा बोलून झालेलं होतं की त्यात भांडण उरलं नव्हतं.

त्या दिवशी गव्हाणला तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. थोरली बहीण म्हणून भरलेली कळशी घेऊन पहिला पाय तिनं आत टाकायचा होता. कळशीसुद्धा आमच्याच घरातली, तिच्या आईनं लग्नात दिलेली. आदल्या दिवशी तिनं चिंचेनं घासून ती सोन्यासारखी केली होती. पिशवीत घाल म्हटलं तर म्हणाली, पोचा पडेल. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसली. म्हणजे पदर धरायला हात राहिला नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. तिलाही सुचलं नाही.

उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली. मी कडेकडेनं हळू काढत होतो. मध्येच गाडी मागून कोणी धरल्यासारखी थांबली आणि बायको ओरडली, "आवो, माजा पाय!"

मी दोन्ही पाय टेकून गाडी सावरली. मान वळवून बघितलं तर पदर साखळीत गेलेला, मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवर गुंडाळून काळा झालेला. त्याच्यामागून साडी ओढली जाऊन तिच्या घोट्याभोवती आवळली होती, आणि टाच चाकाच्या आणि दांड्याच्या मधल्या फटीत दाबून बसली होती. चाक पुढंही जाईना, मागंही जाईना. कळशी मात्र तिनं सोडली नव्हती.

"उतर," मी म्हटलं.

"कशी उतरू? बांदून घातलंय मला."

मी उतरायला गेलो तर गाडी तिच्या बाजूला कलली. स्टँड पायानं पाडायला गेलो, तो तारेनं बांधलेला. मधला स्टँड लावायचा तर ती वर बसलेली. हात सोडला असता तर सगळी गाडी तिच्या पायावर पडली असती. माझे हात हँडलला, तिचे कळशीला, आणि बाजूनं एकेक ट्रेलर असा जात होता की त्याच्या वाऱ्यानं गाडी हलायची. वैशाखातलं ऊन. अवजारं सीटखालच्या डब्यात होती आणि सीटवर ती होती.

"आता काडा पाना," ती म्हणाली. "रोज काडता ना."

मी म्हटलं, "गप बस. बघतोय." पण बघण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

रांगेतल्या एका ट्रेलरचा ड्रायव्हर उतरला. उत्तरेकडचा, गळ्यात गमछा. त्यानं काही न विचारता मागचं कॅरियर धरलं आणि गाडी सरळ केली. "चाचा, आप छोड़ो, मैंने पकड़ा है." मी उतरलो. 

चाकाचा नट सैल केला की चाक पुढं सरकतं, साखळी ढिली पडते आणि कपडा निघतो. हे मला माहीत होतं. ड्रायव्हरनं आपल्या केबिनमधला मोठा पाना आणायला सांगितला, मी तो आणून लावला. पाना फिरला, नट जागचा हलला नाही. कारण मागच्या वेळी साखळी ताणताना मी तो नट छिन्नी लावून हातोड्यानं आवळला होता. त्याचे कोपरे उडून तो सुपारीसारखा गोल झाला होता.

ड्रायव्हर वाकून बघत म्हणाला, "अरे चाचा, ये किस कारीगर ने किया है?"

बायको म्हणाली, "हेच ते कारीगर."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग साखळीच तोडायची. साखळीला एका ठिकाणी जोड असतो, त्यावरची क्लिप पक्कडीनं काढली की साखळी सुटते. माझ्या साखळीला क्लिप नव्हती. ती वाटेत कधीतरी पडली होती, म्हणून मी पिनेचं टोक दगडावर ठेवून चपटं केलं होतं. ते काम इतकं पक्कं झालं होतं की मी तेव्हा शेजाऱ्याला बोलावून दाखवलं होतं. आता तीच पिन मी पान्यानं ठोकत होतो आणि प्रत्येक ठोक्याला बायको दात आवळत होती, कारण ठोका तिच्या टाचेपर्यंत जात होता.

रस्त्याच्या कडेला टोपलीत मासळी मांडून एक म्हावरेवाली बसली होती. इतका वेळ ती गिऱ्हाईक सांभाळून आमच्याकडे बघत होती. आता कोयता घेऊनच उठली.

"काय झाला गो बाय?"

"साडी गेली साखलीत."

"मंग कापायची. हे काय ठोकीत बसलेत?"

मी म्हटलं, "कापायची नाय. नवी साडी हाय. निघंल आता."

खरं सांगायचं तर साडीचं मला काही नव्हतं. पण माझी गाडी, मी बांधलेली, ती एका म्हावरेवालीच्या कोयत्यानं सुटावी हे मनाला पटत नव्हतं. आणखी दोन ठोके, असं वाटत होतं. माणसाला नेहमी आणखी दोन ठोकेच वाटतात.

बायकोचा पाय तोवर जांभळा पडला होता. बोटं सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आलेली. ती माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "साडी माजी हाय. पायपण माजा हाय. तुमी मदी बोलू नका." आणि म्हावरेवालीला म्हणाली, "काप गो."

"ए भाय, तिकडं तोंड कर," म्हावरेवालीनं ड्रायव्हरला सांगितलं. मग मला म्हणाली, "म्हाताऱ्या, तू ती कळशी धर. तेवढं तरी कर."

मी कळशी धरून उभा राहिलो. तिनं कोयत्याचं टोक आत घालून पिळलेली साडी कापली, वरून एकदा, घोट्याजवळ दोनदा. पाय मोकळा झाला तेव्हा बायकोनं आवाज केला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, बाळंतपणातही नाही. मी एका हातानं गाडी धरली, ड्रायव्हरनं केबिनमधली चादर आणून पाठमोरंच राहून मागे फेकली. ती परकरावरून गुंडाळून दोघींनी एकमेकींना धरून टमटम थांबवली. म्हावरेवाली टोपलीसकट तिच्याबरोबर निघाली.

बायकोनं माझ्या हातातून कळशी घेतली.

"तू जा," मी म्हटलं. "मी गाडी घेऊन येतो."

"या नायतर ऱ्हावा," ती म्हणाली. "गाडीशीच लगीन लावा."

टमटम गेली. रांग हलली तसा ड्रायव्हरही गेला. जाण्याआधी आम्ही दोघांनी गाडी उचलून कडेला ठेवली, कारण मागचं चाक फिरतच नव्हतं. मी तिथं बसलो. ती टाकून जाववेना आणि नेता येईना. गव्हाणकडे जाणारे ओळखीचे एकदोघे थांबले, "काय झालं? बसा मागं," म्हणाले. मी म्हटलं, "काय नाय, इंजिन थंड करतोय." ते गेले. गेल्यावर वाटायचं हाक मारावी. पण हाक मारायची तर खरं सांगावं लागलं असतं. स्क्रूड्रायव्हरनं मी चिंध्या उकरत बसलो. तेलानं काळ्या झालेल्या, मध्येच एखादा जरीचा धागा. ट्रेलर संपत नव्हते. उन्हं कलली तेव्हा गाडी एका चहाच्या टपरीमागे ढकलत, फरपटत नेऊन ठेवली आणि चालत गव्हाणला गेलो.

मांडवात शिरलो तर जेवणं उरकली होती. पोरांनी मोबाइल पुढं केला. त्यात बायको प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली, अंगावर भावजयीची साडी, मांडीवर भरलेली कळशी, आणि चौघांनी खुर्ची उचलून तिला उंबऱ्यावरून आत नेलेलं. तिचा सुजलेला पाय हवेत. सगळे हसत होते, तीही हसत होती. पाणी सांडलं नव्हतं. पहिला पाय तिचा पडायचा होता, तो पडलाच नाही.

ती आतल्या खोलीत हळदीचा लेप लावून झोपली होती. मी दारातून बघितलं आणि बाहेर ओटीवर आडवा झालो.  

सकाळी मेहुण्यानं तिला पनवेलला हाडाच्या डॉक्टरकडे न्यायला आपली कार काढली. त्या कारमध्ये मी आजवर बसलो नव्हतो, त्यानं कितीदा म्हटलं तरी. मी मागचं दार उघडून आधी आत बसलो, तिला बाजूला बसवलं, आणि तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. "दुकतंय," ती म्हणाली. गव्हाणपासून पनवेलपर्यंत रस्त्याला खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्याआधी मी तो पाय दोन्ही हातांनी वर उचलून धरत गेलो.